अवजार आणि बांध

कृषी अभियांत्रिकी म्हणजे ट्रॅक्टर चालविण्याचे शिक्षण, असा समज आपल्याकडील पालकांत अद्याप आढळतो. वस्तुतः मृद व जलसंधारण, अवजारांची रचना, सिंचन आणि काढणीनंतरची प्रक्रिया एवढा या शाखेचा विस्तार आहे. तेलंगणाच्या कृषी विद्यापीठाचे या विषयाचे महाविद्यालय संगारेड्डीजवळ कंदी येथे आहे. हैदराबादहून तिकडे जाताना वाटेत पाटणचेरू लागते, आणि आमच्या मते या विषयाचा सर्वांत मोलाचा धडा तेथेच मिळतो.

पाटणचेरूला १९७२ मध्ये 'इक्रिसॅट' ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. तेथील काळी जमीन पावसात चिकट, उन्हाळ्यात दगडासारखी. म्हणून पुष्कळ शेतकरी खरिपात ती पड ठेवीत आणि रब्बीतच पेरीत. पावसापूर्वी कोरड्यात पेरावे, रुंद वरंबे व सऱ्या पाडून जादा पाणी काढून द्यावे आणि दोन पिके घ्यावीत, असा मार्ग संस्थेने दाखविला. त्यासाठी बैलांनी ओढावयाचा 'ट्रॉपिकल्टर' हा चाकांचा सांगाडा पुढे आणला. नांगर, कुळव, पाभर सारे त्यालाच जोडावयाचे. मूळ कल्पना ज्यां नोल या फ्रेंच अभियंत्याची. प्रयोगक्षेत्रावर यंत्र उत्तम चालले. शेतकऱ्याने मात्र ते स्वीकारले नाही. किंमत भारी, वजनही भारी, आणि साध्या अवजारांनी भागत असता हा पसारा हवा कशाला? अशा यंत्रांचा जगभरचा आढावा घेणारे पॉल स्टार्की यांचे पुस्तक १९८८ मध्ये निघाले. त्याचे शीर्षकच 'परिपूर्ण, तरीही नाकारलेली' अशा अर्थाचे आहे.

दापोलीचे कृषी विद्यापीठही १९७२ चेच. त्याचा दातेरी 'वैभव' विळा आणि आंबा देठासह उतरविणारा 'नूतन' झेला यांना कोणी यंत्र म्हणणार नाही. पण देठ राहिल्याने चीक सालीवर ओघळत नाही आणि फळ डागाळत नाही, हे बागायतदाराला व्याख्यानाविना कळते.

आपल्या किनाऱ्यावर पाऊस पाटणचेरूच्या तिपटीहून अधिक. खाजनाच्या चिखलात ट्रॅक्टर रुततो, डोंगरउतारावरच्या कुणग्यात तो वळत नाही; भाऊबंदकीने घातलेल्या बांधांविषयी तर न बोललेलेच बरे! लावणीला माणसे मिळत नाहीत, आणि लावणीयंत्राला चटईवरची रोपे, सपाट चिखल व बेताचे पाणी लागते. कंदीला जाणाऱ्या येथील मुलामुलींनी पहिल्याच सुटीत घरच्या कुणग्याची रुंदी आणि बांधाची उंची मोजून न्यावी, आणि त्यात कोणते यंत्र फिरेल, हे प्राध्यापकांना विचारावे.