घोयरा पाळावा काय?

उल्हासकांठचें कर्जत असो वा पाताळगंगेकडील खालापूर असो, परसांतील कुंपणावर कधीं कधीं बोटाएवढें हिरवें पिलूं पानासारखें डुलत चालतांना आढळतें. हा घोयरा सरडा, म्हणजेच शॅमेलिऑन. मुलांस तें पाळावेंसें वाटतें. वडील मंडळी विषारी समजून काठी शोधूं लागतात. दोन्ही गोष्टी चुकीच्या होत.

घोयऱ्यास विष मुळींच नाहीं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वयें त्यास मारणें आणि घरीं पाळणें हे दोन्ही गुन्हे आहेत. शिवाय पिंजऱ्यांत हें पिलूं जगणें कठीण. वाटींतलें पाणी त्यास बहुधा ओळखतां येत नाहीं. पानांवरील थेंब चाटून तें तहान भागवितें. ऊन, सावली आणि जिवंत किडे त्यास नित्य हवेत. हातांत धरल्यावर त्याचा रंग काळवंडतो, तो कौतुकाचा नव्हे, भयाचा.

मुलांची हौस मात्र मोडूं नये. चार हात दूर बसून त्यांनीं पाहावें : दोन डोळे दोन दिशांस कसे फिरतात, अंगाहून लांब जीभ किडा कसा टिपते, शेंपूट फांदीस कसें वेढा घालतें.

पिलूं रस्त्यावर दिसल्यास त्याच्यापुढें काटकी धरावी. तें आपण होऊन चढेल. मग तें जात असेल त्याच बाजूच्या झुडपावर सोडावें. जखमी असल्यास हवा खेळेल अशा खोक्यांत, सावलींत ठेवून वनखात्यास त्वरित कळवावें. बळेंच कांहीं भरवूं नये.

कुंपणाची एक बाजू न तोडतां राखावी, त्यावर विषारी औषध फवारूं नये. घोयऱ्याचें खरें संगोपन तें हेंच.