बिनहाताचा नायक आणि कीस पाडणारे

होमस्टार रनरला हात नाहीत. लाल सदरा आहे, छातीवर तारा आहे, डोक्यावर भिंगरीची टोपी आहे. खांद्याखाली मात्र काही नाही. तरी तो वस्तू उचलतो. उचललेली वस्तू त्याच्या अंगापासून वीतभर लांब हवेत तरंगत राहते आणि हा खुशाल गप्पा मारत असतो. यावरून बघणाऱ्यांत दोन तट पडले. एक म्हणे, हात आहेत, फक्त दिसत नाहीत. दुसरा म्हणे, काढणाऱ्यांनी हात काढायचा कंटाळा केला आणि पुढे तेच अंगवळणी पडलं. या अमेरिकी वेब-कार्टूनच्या चाहत्यांनी दहाएक वर्षं असल्या प्रश्नांचा कीस पाडला. त्या काळी मला हा रिकामटेकडेपणा वाटायचा. आता वाटतं, त्यांचंच बरोबर होतं.

कारण हे कार्टून मुळात चुकांवर उभं आहे. १९९६ साली अटलांटात ऑलिम्पिक भरलं, त्या उन्हाळ्यात माइक चॅपमन आणि क्रेग झोबेल या दोन मित्रांनी तिथेच बसून गमतीगमतीत मुलांसाठी एक चित्रपुस्तक रचलं. त्याच्या मोजक्या प्रती निघाल्या. नायकाचं नाव त्यांना आयतं मिळालं होतं. अटलांटा ब्रेव्ह्ज संघातला मार्क लेम्की किराणा दुकानाच्या एका जाहिरातीत यायचा. बेसबॉलमधलं ओ की ठो न कळणारा त्यांचा एक दोस्त त्या जाहिरातीची नक्कल करताना लेम्कीला ‘होमस्टार रनर’ म्हणून मोकळा झाला. आपल्याकडे कुणी एखाद्या फलंदाजाला ‘यष्टीचौकार’ म्हणावं, तसला प्रकार. पुढे माइकचा धाकटा भाऊ मॅट येऊन मिळाला आणि १ जानेवारी २००० ला त्यांची साइट सुरू झाली. जवळजवळ सगळ्या पुरुष पात्रांचे आवाज एकट्या मॅटचे. जाहिराती नाहीत, पोट चालायचं टी-शर्ट आणि डीव्हीडी विकून.

खरी गर्दी जमली ती ऑगस्ट २००१ पासून, स्ट्राँग बॅड हे पात्र पत्रं वाचायला लागल्यावर. कुस्तीगिराचा मुखवटा, उघडं अंग, हातांत बॉक्सिंगचे हातमोजे, आणि त्या हातमोज्यांनीच टायपिंग. प्रेक्षकांनी पाठवलेली खरी ई-पत्रं तो मोठ्याने वाचायचा, शुद्धलेखनाच्या चुकांसकट, आणि लिहिणाऱ्याची यथेच्छ टिंगल करायचा. अगदी सुरुवातीच्या एका पत्रात कुणीतरी होमस्टारऐवजी ‘होमसार’ लिहिलं. दुसऱ्या कुणी ती चूक हसून सोडून दिली असती. या भावांनी होमसार नावाचं पात्रच उभं केलं! निळसर, ठेंगणं, असंबद्ध बडबडणारं. ते पुढे कायमचं राहिलं. जिथे टायपिंगच्या चुकीतून जिवंत पात्र निघतं, तिथे प्रेक्षकाने प्रत्येक चुकीकडे संशयाने बघितलं तर त्याला काय बोलायचं?

म्हणून वादांचं सूत्र एकच असायचं: हे मुद्दाम केलंय की हातून झालंय? स्ट्राँग बॅडचा पहिला संगणक टँडी ४००. टँडी कंपनीचा १००० सगळ्यांना ठाऊक, ४०० कुठला? मग आला कॉम्पी ३८६, तोही नवं शतक उजाडल्यावर, म्हणजे ३८६ चा जमाना कधीच उलटलेला असताना. ११८ व्या पत्रात व्हायरस शिरून त्याचा अंत झाला आणि लॅपी ४८६ आला. यातला कुठला आकडा विचार करून टाकलेला आणि कुठला सहज सुचलेला, यावर माणसं हमरीतुमरीवर येत. कार्टूनमधल्या गावात नाताळ नाही, ‘डिसेंबरवीन’ असतो, हॅलोविननंतर बरोबर ५५ दिवसांनी. बोटं मोजून बघा, ३१ ऑक्टोबरपासून ५५ वा दिवस २५ डिसेंबरच येतो. असा एखादा हिशेब चोख निघाला की बाकीचेही चोख असणार असं वाटायला लागतं, आणि तिथेच माणूस फसतो.

कीस पाडायची हत्यारंही होती. कार्टून फ्लॅश या प्रणालीत केलेलं, त्यामुळे चित्रातल्या कुठल्याही वस्तूमागे बटण दडवता येई. पत्राचं उत्तर संपलं की वरून जुन्या प्रिंटरचा कागद करकरत खाली सरकायचा. नवखा तिथे उठायचा. मुरलेला तिथून कामाला लागायचा. माउस फिरवत राहायचं, एखाद्या शब्दावर बाणाचं बोट झालं की दाबायचं, आणि एखादा लपवलेला प्रसंग हाती लागायचा. आळशी लोक टॅबची कळ दाबत. मग दडलेल्या बटणांभोवती पिवळी चौकट उमटायची. याला चोरी म्हणायचं की कसब, यावरही वाद होता. मी चोरी म्हणेन. पण केलीय.

माझी आणि या कार्टूनची पहिली भेट पुण्यातल्या एका सायबर कॅफेत झाली. तासाच्या हिशेबाने पैसे, आणि त्यातला निम्मा वेळ ‘लोडिंग’ बघण्यात जायचा. मित्राने कागद खाली येताच खिडकी बंद केली. उत्तरातल्या शेवटच्या शब्दामागे एक अख्खा विनोद दडला होता, हे मला दोन वर्षांनी कळलं. ‘अशी ही बनवाबनवी’ कितीदा बघितला याचा हिशेब ठेवणाऱ्या घरात मी वाढलोय. शेवट बघायचा राहिला की काय होतं ते मला विचारा.

सगळ्यांत गाजलं ते ५८ वं पत्र, जानेवारी २००३ चं. ड्रॅगन काढून दाखव, असं कुणीतरी लिहिलं होतं. स्ट्राँग बॅड इंग्रजी एस अक्षरापासून सुरुवात करतो, त्याला दात लावतो, आणि मध्येच पाठीतून एक दंड फुगवलेला हात काढतो. एकच. झाला ट्रॉगडोर, झोपड्या जाळणारा. नायकाला हात नाहीत आणि ड्रॅगनला एकच, यातही काहींना योजना दिसली. मला नाही दिसत. त्याच वर्षी मे महिन्यात ‘बफी द व्हँपायर स्लेअर’च्या शेवटच्या भागात ट्रॉगडोरचं नाव घेतलं गेलं, आणि २००६ साली त्याचं गाणं ‘गिटार हीरो २’ या व्हिडिओ गेममध्ये गेलं. वहीच्या कागदावर काढलेल्या वेड्यावाकड्या चित्राची ही मजल.

२०१० संपताना साइट थंडावली. भावांना मुलंबाळं झाली, टीव्हीची कामं मिळाली. झोबेल तर केव्हाच चित्रपटांकडे वळला होता. १ एप्रिल २०१४ ला नवं कार्टून आलं, तेव्हा तारीख बघून अर्ध्या लोकांचा विश्वास बसला नाही. त्यानंतर अधूनमधून येत राहिली. २०२० च्या अखेरीस फ्लॅशच बंद पडलं, पण रफल नावाच्या प्रणालीवर जुनी कार्टूनं पुन्हा चालू झाली, बटणांसकट. यूट्यूबवरही आहेत, पण तिथे ती नुसती बघता येतात; कुठे बोट ठेवायला जागा नाही.

तेव्हा बघायचीच असतील तर मूळ साइटवर जा. कागद खाली आला की लगेच खिडकी बंद करू नका.