मुंबईतील खलाशांचे युद्धस्मारक

मुंबईच्या मस्जिद बंदर परिसरात, गोदामे आणि मालमोटारींच्या वर्दळीत, 'इंडियन सेलर्स होम' ही खलाशांच्या निवासाची वास्तू आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रातच अंत झालेल्या दोन हजारांहून अधिक दर्यावर्दींचे स्मारक येथे आहे. दुसऱ्या महायुद्धातील सहा हजारांहून अधिक जणांची नावे एका ग्रंथात नोंदवलेली असून त्याची एक प्रत येथे, तर दुसरी बांगलादेशातील चितगाव येथे ठेवली आहे. यांपैकी नौदलाचे सैनिक थोडे. बहुसंख्य व्यापारी जहाजांवरील कामगार होते. कायद्याच्या दृष्टीने ते सैनिक नव्हतेच, तर करारावर मालवाहतूक करणारे नागरिक होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी ब्रिटिश व्यापारी जहाजांवर सुमारे पन्नास हजार भारतीय खलाशी होते. एकूण मनुष्यबळाचा हा जवळजवळ चौथा हिस्सा. मुंबईत होणाऱ्या भरतीत डेकवर रत्नागिरीकडील कोकणी मुसलमान, स्वयंपाकघर व सलूनमध्ये गोमंतकीय आणि इंजिन विभागात पंजाबी व पठाण अशी विभागणी रूढ होती. नोकरी मिळे ती सारंग व दलालांमार्फत. त्यासाठी द्यावी लागणारी लाच आणि तिच्यापायी होणारे कर्ज यांमुळे खलाशी पहिल्याच सफरीत बांधला जाई. श्रमिकांची संख्या अधिक व नोकऱ्या मोजक्या असल्या की मध्यस्थ बलवान होतो, हा श्रमबाजाराचा नियम येथे स्पष्ट दिसतो.

'एशियाटिक आर्टिकल्स' या स्वतंत्र करारामुळे भारतीयांचे वेतन ब्रिटिश खलाशाच्या साधारण एक-चतुर्थांश असे, राहण्याची जागाही कमी मिळे. पाणतीर मात्र करार पाहून आदळत नव्हता. म्हणूनच १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटनमधील व अन्य बंदरांत भारतीय खलाशांनी वेतनवाढ व युद्धभत्त्यासाठी काम थांबवले. शेकडो जण तुरुंगात गेले; पण अखेर मालकांना वेतन वाढवावे लागले. युद्धकाळात ते आणखी वाढले, तरी ब्रिटिश खलाशांशी बरोबरी झाली नाही.

युद्ध दूरचे राहिले नव्हते. २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून आफ्रिकेकडे निघालेले 'तिलावा' हे जहाज तीनच दिवसांनी जपानी पाणबुडीने बुडवले. प्रवासी व कर्मचारी मिळून २८० जण प्राणास मुकले.

स्वातंत्र्यानंतर व्यापारी नौवहन अधिनियम, १९५८ आणि खलाशी भविष्यनिर्वाह निधी अधिनियम, १९६६ यांनी या श्रमाला कायद्याचा आधार दिला. भरती नोंदणी-कार्यालयांकडे आली. किमान कार्यस्थिती ठरवणारा सागरी श्रम करार, २००६ हा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार भारताने २०१५ मध्ये अनुसमर्थित केला. परीक्षार्थींनी एक फरक लक्षात ठेवावा : ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन १९१९ मधील 'लॉयल्टी' जहाजाच्या सफरीची, म्हणजे भारतीय भांडवलाच्या धाडसाची आठवण आहे. मस्जिद बंदरचे स्मारक श्रमाचे आहे.

मार्च २०२४ मध्ये एडनच्या आखातात 'ट्रू कॉन्फिडन्स' या मालवाहू जहाजावर क्षेपणास्त्र पडून तीन खलाशी मृत्युमुखी पडले. एका भारतीयासह २१ जणांना 'आयएनएस कोलकाता'ने वाचवले. आज आंतरराष्ट्रीय सामूहिक करारांत युद्धसदृश क्षेत्रात जाण्यास नकार देण्याचा हक्क, मूळ वेतनाइतका जादा भत्ता आणि मृत्यू आल्यास दुप्पट भरपाई यांची तरतूद असते. १९३९ च्या संपकऱ्यांनी असाच भत्ता मागितला होता.