दहा बाय बाराची खोली आणि स्पीकरची निवड

धारवाड, बेळगाव आणि गोवा या तिन्ही प्रदेशांना जोडणाऱ्या वाटेवर आपले रामनगर वसले आहे. हिंदुस्थानी संगीताच्या दृष्टीने पाहिले तर एवढा भाग्यवान शेजार फार थोड्या गावांना लाभला असेल. पूर्वेला धारवाडजवळच्या मनसूरचे पं. मल्लिकार्जुन मन्सूर, गदगचे पं. भीमसेन जोशी, हुबळीत हयात घालवलेल्या गंगूबाई हनगल. उत्तरेला बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व. अनमोड घाट उतरला की गोव्यात केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर. यांपैकी आज कोणीही हयात नाही. त्यांचे गाणे आपल्यापर्यंत येते ते केवळ ध्वनिमुद्रणांतून. ते किती खरे उतरेल हे बऱ्याच अंशी स्पीकरवर अवलंबून असते.

व्यवसायातून थोडी उसंत मिळू लागली, मुले शिकून मार्गी लागली, की आपल्यातील अनेकांना निवांत गाणे ऐकण्यासाठी घरातली एक खोली राखून ठेवावीशी वाटते. ही खोली बहुधा दहा बाय बारा फुटांची असते. मग प्रश्न येतो तो स्पीकरचा. दुकानदार मोठ्यात मोठी जोडी दाखवतो, माहितीपत्रके आकड्यांनी भारावून टाकतात आणि लाखाच्या घरातील खर्च केवळ भरवशावर होतो. या निवडीमागचे शास्त्र फारसे कठीण नाही. रुग्णाला तपासल्याशिवाय आपण औषध लिहीत नाही. त्याचप्रमाणे खोली तपासल्याशिवाय स्पीकर निवडू नये, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

खोलीची तपासणी

खोलीचा आवाजावर होणारा परिणाम प्रथम शास्त्रशुद्ध रीतीने मोजला तो हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सबाइन या पदार्थवैज्ञानिकाने. १८९५ मध्ये तेथील एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कोणालाच समजेना, कारण उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. सबाइनने जवळच्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि हाती घड्याळ घेऊन घुमारा विरण्याचा काळ मोजला. गाद्या वाढतील तसा तो काळ घटत गेला. आपल्या घरातील तपासणी याहून सोपी आहे. खोलीच्या मध्यभागी उभे राहून एकदा जोरात टाळी वाजवावी. टाळीमागून धातूचा झणत्कार ऐकू आला, तर सिमेंटच्या उघड्या भिंती आणि गुळगुळीत फरशी आवाज परतवून लावत आहेत असे समजावे. पुस्तकांचे कपाट, जाड सतरंजी, भिंतीवर टांगलेली गोधडी आणि घडीदार पडदे यांनी हा दोष पुष्कळसा जातो.

खर्जाचा दोष मात्र पडद्यांनी जात नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ध्वनीच्या काही ठरावीक लहरी नेमक्या बसतात आणि तेवढेच स्वर अवास्तव फुगतात. बारा फूट लांबीत असा पहिला स्वर सुमारे ४७ हर्ट्झचा, तर दहा फूट रुंदीत सुमारे ५७ हर्ट्झचा असतो. त्यांच्या दुप्पट म्हणजे ९४ आणि ११४ हर्ट्झच्या आसपासही फुगवटा येतो. खोलीची उंचीही दहा फूट असेल तर रुंदी आणि उंचीचे दोष एकाच जागी पडून अधिक तीव्र होतात. ५७ हर्ट्झची लहर सहा मीटर लांब असते. तिला बोटभर जाडीचे कापड काय अडवणार? म्हणूनच पूर्ण चौरस खोली शक्यतो टाळावी. कोपऱ्यात गुंडाळून उभ्या केलेल्या जाड गाद्यांचा थोडा उपयोग होतो. पण अशा खोलीत जमिनीला टेकणारा, ३० हर्ट्झपर्यंत पोहोचणारा भलामोठा स्पीकर आणणे म्हणजे दोषाला खतपाणी घालणेच होय.

आपल्या संगीताची गरज

येथे एक दिलासा देणारी गोष्ट आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो आणि त्याच्या तंबोऱ्यातील खर्जाची तार ६९ हर्ट्झवर बोलते. काळी चारमध्ये गाणाऱ्या स्त्रीचा षड्ज २०८ हर्ट्झचा आणि तिच्या तंबोऱ्याचा खर्ज १०४ हर्ट्झचा. डग्ग्याचा घुमार साधारण १०० हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली असतो. चर्चमधील ऑर्गन किंवा चित्रपटांतील स्फोट ऐकायचे नसतील, तर खोलीत ५० हर्ट्झपर्यंत स्वच्छ उतरणारा लहान स्पीकर आपल्याला पुरतो. आपल्या गाण्याचे मर्म मध्य सप्तकात, स्वराच्या लगावात, मींडेत आणि तंबोऱ्याच्या जवारीत असते. तेथे जो स्पीकर खरा ठरेल तोच आपला.

चांगल्या लहान स्पीकरची रचना डॉक्टरांना चटकन समजेल. स्टेथोस्कोपची घंटा हलक्या दाबाने टेकवली की मायट्रल स्टेनोसिसची खालच्या पट्टीतील कुरकुर ऐकू येते आणि महारोहिणीच्या झडपेची उंच पट्टीतील गळती पडद्यानेच नीट पकडता येते. त्याच न्यायाने स्पीकरमध्ये खालच्या स्वरांसाठी वूफर आणि वरच्यांसाठी ट्विटर असतो. दोहोंमध्ये कामाची वाटणी करणाऱ्या मंडलाला क्रॉसओव्हर म्हणतात. खरे कसब या सांध्यात असते. सांधा बिघडला की एकाच गायकाचा आवाज दोन तोंडांतून येतो आहे असे वाटते.

एक आदर्श उदाहरण

लहान जागेसाठी बनवलेल्या स्पीकरमध्ये बीबीसीच्या 'एलएस ३/५ए' या नमुन्याचे नाव आजही आदराने घेतले जाते. १९७० च्या दशकाच्या आरंभी बीबीसीच्या अभियंत्यांना बाह्य ध्वनिमुद्रणाच्या अरुंद मोटारींत आवाज पारखण्यासाठी लहान पण विश्वासार्ह साधन हवे होते. त्यांनी सुमारे बारा इंच उंच, साडेसात इंच रुंद अशी पेटी घडवली. ७०-८० हर्ट्झच्या खाली तिचा आवाज उतरू लागतो, ती फार मोठ्याने वाजतही नाही. परंतु मानवी कंठ तिच्यातून विलक्षण खरा येतो. आजही काही कंपन्या ही पेटी परवान्याने बनवतात.

याउलट विचार अमेरिकेत अमर बोस यांनी केला. १९६८ मध्ये बाजारात आलेल्या त्यांच्या ९०१ या स्पीकरमध्ये नऊपैकी आठ ध्वनिशंकू मागच्या भिंतीकडे तोंड करून होते. सभागृहात आपण थेट आवाजापेक्षा परावर्तित आवाजच अधिक ऐकतो, हा त्यामागील तर्क. मोठ्या दिवाणखान्यात तो शोभतो. दहा फुटांच्या खोलीत भिंतींचे परावर्तन आधीच जास्त असते. तेथे समोरून थेट ऐकवणारा स्पीकरच हितकर.

आकडे कसे वाचावेत

माहितीपत्रकात '२० ते २०,००० हर्ट्झ' असे लिहिलेले असते. त्यासोबत 'अधिक-उणे ३ डेसिबल' अशी मर्यादा दिलेली नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. दुसरा आकडा संवेदनशीलतेचा. एका वॉटला एक मीटरवर ८४ डेसिबल देणारी जोडी आपल्या खोलीत पाच-सहा फुटांवरून एका वॉटमध्येच घरगुती ऐकण्यापुरता आवाज देते. सम आणि तिहाईच्या जोरकस आघातांसाठी दहा-वीस पट शक्ती हाताशी असावी. म्हणजे तीस ते पन्नास वॉटचा चांगला अॅम्प्लिफायर पुरे. शेकडो वॉटचा खर्च अनाठायी होय.

आपल्या हवामानाचा विचार

परदेशी परीक्षणांत आढळत नाही अशी एक कसोटी जोयडा तालुक्यात अनिवार्य आहे. चार महिने कोसळणारा पाऊस आणि हवेतील ओल. शंकूच्या कडेला फोमची पट्टी असेल तर दमट हवेत काही वर्षांतच तिचा भुगा होतो. रबराची कड दीर्घकाळ टिकते. कागदी शंकूवर बुरशी धरते, लाकडाच्या भुश्याच्या पेट्या फुगतात. धूळ आणि ओल यांमुळे इलेक्ट्रोस्टॅटिक पडद्यांचे स्पीकर येथे त्रासदायक ठरतात. स्पीकर पाऊस झोडपणाऱ्या भिंतीला चिकटून ठेवू नयेत. वळवाच्या विजा चमकू लागल्या की प्लग काढून ठेवावा. मंगळुरी कौलांखाली मुसळधार पावसात नाजूक आलाप ऐकू येणार नाही, हेही गृहीत धरावे. म्हणून ऐकण्यासाठी स्लॅबखालची खोली निवडावी.

मांडणी

दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण व्हावा. बारा फुटी खोलीत स्पीकर समोरच्या भिंतीपासून दोन फूट पुढे आणि आपली खुर्ची मागच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर, ही चांगली सुरुवात आहे. खोलीच्या अगदी मध्यभागी बसल्यास खर्ज नाहीसा होतो, तर मागच्या भिंतीला टेकून बसल्यास तो फुगतो. ट्विटर कानाच्या उंचीवर असावा. बाजूच्या भिंतीवर कोणाला तरी आरसा सरकवायला सांगावे. बसल्या जागेवरून आरशात स्पीकर दिसेल तेथे गोधडी किंवा पुस्तके असावीत.

स्वतःचे कान

वयानुसार प्रथम उंच स्वर ऐकू येईनासे होतात, हे आपण रोज पाहतो. पन्नाशी-साठीनंतर १२,००० हर्ट्झच्या वरचे ऐकू येणे विरळाच. मग ४०,००० हर्ट्झपर्यंत जाणाऱ्या ट्विटरसाठी जादा पैसे कशाला मोजावेत? जोडी घेण्यापूर्वी एकदा ऑडिओग्राम करून घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही सुरक्षित मर्यादा सांगितली आहे. आवाज तीन डेसिबलने वाढला की हा काळ निम्म्यावर येतो : ८३ ला वीस तास, ८६ ला दहा. कमी आवाजात कानाला खर्ज मुळातच कमी जाणवतो; १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी ते मोजून दाखवले. तेव्हा खर्ज कमी वाटला म्हणून आवाज वाढवत नेणे हा कानांचा घात आहे.

प्रत्यक्ष निवड

बेळगाव, हुबळी, गोवा किंवा पुणे येथे ऐकायला जाताना स्वतःची परिचित ध्वनिमुद्रणे न्यावीत. एक नुसता तंबोरा, एक गंगूबाईंचा भारदस्त स्वर, एक एकल तबला आणि एक निवेदन. संगीताविना बोलणारा माणूस ही सर्वांत कठोर परीक्षा असते. तुलना करताना दोन्ही जोड्या सारख्याच पातळीवर वाजवायला सांगाव्यात, कारण किंचित मोठा आवाज नेहमीच अधिक चांगला वाटतो. दुकानाची खोली मोठी असते; म्हणून जोडी आठवडाभर घरी ऐकून पाहण्याची सवलत मागावी. न मिळाल्यास न पटलेली जोडी परत घेण्याची अट लिहून घ्यावी. खर्चाची वाटणी करताना आधी खोलीची डागडुजी आणि गाद्या-कपाटे, मग स्पीकर आणि उरलेल्या रकमेत अॅम्प्लिफायर, असा क्रम ठेवावा.

मोगूबाईंचे कुर्डी हे गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की त्याचे अवशेष वर येतात. सुप्याच्या धरणाने ज्यांची घरे-शेते नेली, त्यांच्या पुनर्वसनातून उभ्या राहिलेल्या रामनगरला याचा अर्थ समजावून सांगायला नको. बुडालेल्या गावचा सूर ध्वनिमुद्रणात राहिला आहे आणि तो ऐकायला दहा बाय बाराची खोली पुरेशी आहे. वर सांगितल्याप्रमाणे ती खोली सिद्ध करावी, त्यात बेताची पण चोख जोडी आणावी, आणि घरच्यांना व शेजाऱ्यांनाही सोबत बसवून ऐकावे, एवढीच मंडळाच्या सर्व रसिक सभासदांना नम्र विनंती.