आपत्तीचे अध्ययन : म्हैसूर आणि जग

निसर्गातील एखादी प्रचंड घटना आणि आपत्ती या दोन्ही गोष्टी एकच आहेत, असा सर्वसाधारण समज आढळतो. परंतु निर्मनुष्य वाळवंटात कितीही मोठा भूकंप झाला तरी त्याला कोणी आपत्ती म्हणणार नाही. धोका निसर्गाकडून येतो. त्याची आपत्ती होते ती मनुष्यवस्ती, तेथील घरे, रस्ते, दारिद्र्य आणि बेसावधपणा यांच्याशी त्याची गाठ पडते तेव्हा. आपत्ती-व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासाचा पाया हाच भेद होय.

मराठी वाचकाला यासाठी दूरचे उदाहरण शोधावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी आणि सास्तूरचा परिसर हादरला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून लोक घरात गाढ झोपले होते. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. जगातील मोठ्या भूकंपांशी तुलना करता हा धक्का मध्यम प्रतीचाच होता. मग एवढी प्राणहानी का झाली? दगड आणि चिखलमाती यांत रचलेल्या जाड भिंती, त्यांवर लाकडी माळवद, आणि उन्हाळ्यात गारवा राहावा म्हणून त्यावर पसरलेला मातीचा जड थर, अशी तेथील घरांची रचना होती. भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकत्र बांधून ठेवणारे आरपार दगड बहुधा नसत. धक्का बसताच भिंती फाकल्या आणि वरचा भार झोपलेल्यांवर कोसळला. येथे भूगर्भशास्त्राइतकेच गवंड्याच्या कामाचे, आणि गवंड्याच्या कामाइतकेच शेतकऱ्याच्या ऐपतीचे ज्ञान आवश्यक ठरते. एकाच शास्त्राच्या चौकटीत न मावणारा हा विषय स्वतंत्र अभ्यासाचा झाला, तो याच कारणाने.

आता म्हैसूरकडे वळू. येथे भूकंपाचे भय फारसे नाही; चिंता आहे ती पाण्याची. कबिनी नदी केरळातील वायनाडच्या डोंगरात उगम पावते, हेग्गडदेवनकोटे तालुक्यातील बीचनहळ्ळीजवळच्या धरणात अडते, नंजनगूडवरून वाहत जाते आणि तिरुमकुडलू नरसीपूर येथे कावेरीस मिळते. पाऊस पडतो एका राज्यात, दरवाजे उघडतात दुसऱ्या राज्यात, आणि ते पाणी पुढे तिसऱ्या राज्याच्या शेतीस हवे असते. ऑगस्ट २०१८ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये वायनाडात अतिवृष्टी झाली, तेव्हा नंजनगूडजवळ म्हैसूर-ऊटी महामार्गावर पाणी आले आणि वाहतूक बंद पडली.

अशा वेळी धरणावरील अभियंत्यापुढे जो पेच उभा राहतो, तो विद्यार्थ्याने नीट समजून घ्यावा. कबिनी जलाशयाची क्षमता साडेएकोणीस अब्ज घनफुटांच्या आसपास, म्हणजे नदीला येणाऱ्या पाण्याच्या मानाने बेताची आहे. जलाशय लवकर भरून ठेवला तर पुढील अतिवृष्टीस सामावून घेण्यास जागा उरत नाही. जागा राखून ठेवली आणि पावसाने पाठ फिरविली तर खालच्या शेतकऱ्यांना पाणी मिळत नाही. पूर आणि अवर्षण या दोन्ही आपत्ती एकाच दरवाजाच्या चाकाशी बांधलेल्या असतात. वायनाडातील पावसाची बातमी किती तास आधी कळते, यावर निर्णयाचा शहाणपणा अवलंबून असतो.

या प्रश्नाला म्हैसूर आणि महाराष्ट्र यांना जोडणारा एक जुना धागाही आहे. पुढे म्हैसूर संस्थानचे दिवाण झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या सेवेत असताना त्यांनी पुण्याजवळील खडकवासला धरणासाठी स्वयंचलित दरवाजे तयार केले. ते १९०३ मध्ये बसविण्यात आले. पाणी ठराविक पातळीवर चढले की ते आपोआप उघडत आणि उतरले की मिटत. १९०८ मध्ये मुसी नदीच्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त झाले, तेव्हा पूरनियंत्रणाच्या योजनेसाठी त्यांनाच पाचारण करण्यात आले. तथापि यंत्राला मर्यादा असतात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासलाही टिकले नाही आणि पुण्याचा नदीकाठ वाहून गेला. नदीवर एकापाठोपाठ एक धरणे असली की वरच्याचे संकट खालच्याचे होते, हा धडा पुणेकरांनी फार मोठी किंमत देऊन घेतला.

म्हैसूरमध्ये या विषयाचे अध्ययन दोन भिन्न दिशांनी घडते. राज्य शासनाच्या प्रशासकीय प्रशिक्षण संस्थेत आपत्ती-व्यवस्थापनाचे केंद्र असून तेथे सेवेतील अधिकाऱ्यांना शिक्षण दिले जाते. दुसरी दिशा अन्नाची आहे. १९५० मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने २०१५ च्या नेपाळ भूकंपानंतर आणि २०१८ च्या केरळातील पुरानंतर तयार खाद्यपदार्थ धाडले. आपद्ग्रस्ताजवळ चूल नसते, सरपण नसते, कित्येकदा शुद्ध पाणीही नसते. म्हणून ते अन्न न शिजविता खाता येणारे, टिकाऊ, वजनास हलके आणि लहान मुलांना व वृद्धांना पचणारे असावे लागते.

विषयाला 'आंतरराष्ट्रीय' हे विशेषण का लागते, हेही येथेच स्पष्ट होते. म्हैसूरचे अन्न काठमांडूला पोहोचते. सुमात्राजवळच्या समुद्रतळाचा धक्का नागपट्टिणमच्या कोळ्यांचे प्राण घेतो. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीच्या लाटा भारताच्या किनाऱ्यावर येण्यापूर्वी सुमारे दोन तास हाताशी होते. परंतु हिंदी महासागरात पूर्वसूचनेची व्यवस्थाच नव्हती. पुढे २००७ मध्ये हैदराबाद येथे असे केंद्र कार्यान्वित झाले. २०१५ मध्ये जपानमधील सेंदाई येथे राष्ट्रांनी २०३० पर्यंतचा जो आराखडा मान्य केला, त्यात पहिले स्थान मदतकार्यास नसून धोका समजून घेण्यास दिलेले आहे.

मदतकार्याचीही आता मान्य मानके आहेत. छावणीत दर माणशी दररोज निदान पंधरा लिटर पाणी, निवाऱ्यात साडेतीन चौरस मीटर जागा आणि वीस माणसांमागे एक शौचकूप, असे ती सांगतात. परंतु हे आकडे पाठ असणे म्हणजे विद्या नव्हे. शौचकूप अंधाऱ्या टोकाला बांधले तर स्त्रिया रात्री तेथे जाणार नाहीत. हिशेब जुळेल आणि रोगराई तरीही पसरेल.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. अशा अभ्यासक्रमात भूशास्त्र, हवामान, सार्वजनिक आरोग्य, कायदा, नकाशावाचन आणि पुनर्वसन यांचा परस्परसंबंध शिकविला जातो. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरणाची तरतूद केल्यामुळे अशा शिक्षितांना कार्यक्षेत्रही लाभले आहे. मात्र विद्यापीठातील पदवीधराजवळ सिद्धांत असतो, अनुभव नसतो. तहसील कचेरीतील अधिकाऱ्याजवळ अनुभव असतो, पण त्याकडे तटस्थपणे पाहण्यास सवड नसते. या दोहोंची गाठ घालून देणे हेच या शिक्षणाचे खरे कार्य होय.

३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. नेहमीप्रमाणे आलेल्या एस. टी. बसच्या चालकाला गाव जागेवर दिसेना, आणि तेव्हा कोठे ही वार्ता बाहेर गेली. बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ रोजी, वायनाडातील मुंडक्कई व चूरलमला येथे रात्रीच्या अंधारात दरड कोसळून शेकडो माणसे दगावली. तारखेचा हा योगायोग सोडून द्यावा. परंतु दोन्ही ठिकाणी तीव्र उतार, अतिवृष्टी आणि झोपलेली वस्ती होती, हे साम्य योगायोगाचे नव्हे. अशा उतारावर राहणाऱ्या कुटुंबाच्या दारावर आदल्या संध्याकाळी कोणी थाप मारली की नाही, आणि मारली तर त्या कुटुंबाला जाण्यासारखी जागा होती की नाही, हीच या विद्येची अंतिम परीक्षा आहे.