कामगार माता, स्तन्य आणि पाळणाघर

स्त्री-कामगारांसाठी माता-बाल आरोग्याचे उपक्रम योजणारे कारखाने आता आढळू लागले आहेत. अशा वेळी वैद्यांना गर्भिणी परिचर्येवर व्याख्यानास पाचारण होते आणि औषधविक्रेत्यांकडे शतावरी कल्पाच्या डब्यांची एकगठ्ठा मागणी येते. मागणी स्वागतार्ह खरी. पण शास्त्राची अपेक्षा एवढ्याने पूर्ण होत नाही.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात स्तन्यप्रवृत्तीची कारणे दिली आहेत ती अपत्याचा स्पर्श, दर्शन, स्मरण आणि त्याला जवळ घेणे ही होत. क्रोध, शोक व अवात्सल्य यांनी स्तन्यनाश होतो, असे शारीरस्थान सांगते. रजा संपवून आठ तासांच्या पाळीवर रुजू झालेल्या मातेच्या वाट्याला या चारांपैकी केवळ स्मरण उरते. तिथे स्तन्यजनन द्रव्ये किती पुरी पडणार?

मुंबई प्रांताने १९२९ साली प्रसूतिलाभाचा कायदा केला. तत्पूर्वी १९२८ मध्ये विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या विधेयकाचा पुरस्कार केला होता. १९६१ च्या केंद्रीय कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी १२ वरून २६ आठवडे झाली आणि ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन आले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत या तरतुदी कायम आहेत. मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीखेरीज स्तन्यपानासाठी दोन वेळा सुटी आणि दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाण्याची मुभाही तीत आहे. ही शेवटची तरतूद फारच थोड्या स्त्रियांना ठाऊक असते.

म्हणून व्याख्यानाचे निमंत्रण स्वीकारताना व्यवस्थापनास काही गोष्टी अवश्य विचाराव्यात. पाळणाघर कामाच्या जागेपासून किती अंतरावर आहे? दूध पाजण्यास आडोसा आहे काय? ठेकेदारामार्फत आलेल्या स्त्रियांनाही तिथे प्रवेश आहे ना? या शेवटच्या प्रश्नावर बहुधा शांतता पसरते. तरीही तो विचारावा; वैद्याच्या शब्दाला अशा ठिकाणी मान असतो.

औषधविक्रेते बंधूंना एक विनंती. शतावरी कल्पात साखरेचे प्रमाण मोठे असते. गर्भावस्थेत मधुमेह आढळलेल्या स्त्रीस तो सरसकट देऊ नये; तिच्यासाठी वैद्याच्या सल्ल्याने शतावरी चूर्ण द्यावे. सर्वांना एकच डबा वाटण्याची मागणी आल्यास हे कारखान्यास लेखी कळवावे.