सहा शाकूची काठी

सकाळी 6:40. नाहा, ओकिनावा. जूनचा पाऊस लागून राहिलाय. लढाईच्या सरावाची शस्त्रं बनवणाऱ्या दुकानाचं शटर वर जातं आणि कारागीर आधी हवेतला दमटपणा ओढणाऱ्या यंत्राकडे जातात. टाकी काठोकाठ भरलेली. ती मोरीत रिकामी करतात, परत बसवतात. यंत्र रात्रंदिवस चालू. लाकूड फुगण्यापेक्षा बिल फुगलेलं परवडलं, हे त्यांचं गणित.

7:15. भिंतीला लाल ओकचे चौकोनी दांडे उभे आहेत. क्यूशूहून बोटीनं आलेला माल. कारागीर एकेक दांडा उचलून डोळ्यासमोर धरतात. लाकडाची रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड जायला हवी. मध्येच बाजूला फुटली, तर घाव बसल्यावर काठी तिथंच तिरकी चिरते आणि तुटलेलं टोक समोरच्याच्या अंगावर जातं. दहा दांडे पाहिले, चार बाजूला पडले. त्यांतून आता आखूड कामं निघतील, दोरीनं जोडलेले नुनचाकू, आडव्या मुठीचे टोनफा. पैसे मात्र पूर्ण लांबीचे मोजलेत.

8:00. 'बो' म्हणजे सहा शाकूची काठी, साधारण 182 सेंटीमीटर. चौकोनाचे आठ पैलू, आठाचे सोळा, मग गोल. जपानी रंधा स्वतःकडे ओढायचा असतो. आपला सुतार ढकलतो. त्यामुळे इथं जोर दंडात दिसत नाही, कमरेत दिसतो. काठी मधोमध तीन सेंटीमीटर जाड, दोन्ही टोकांकडे निमुळती. टेपपट्टी जवळच आहे, पण ते मूठ सरकवत पाहतात आणि जिथं अडते तिथं दोन हात मारतात. पायाशी कागदासारखी सालपटं. मग काचकागद: 120, 240, 400.

10:30. बर्फ घातलेला मोगऱ्याचा चहा. मदतनीस मुलगा भुसा झाडतोय. त्याला तासाला हजार येन. ओकिनावातलं तेव्हाचं किमान वेतन, 2024च्या ऑक्टोबरपासूनचं, 952 येन होतं. म्हणजे वरचे 48 येन कौशल्याचे, असं तोच हसत सांगतो.

11:00. टोनफा. आडव्या दांड्याला आरपार भोक, त्यात मूठ. सगळी मदार या सांध्यावर. भोक पटाशीनं साफ करतात, मूठ ठोकून बसवतात. मुठीच्या वर आलेल्या टोकाला आधीच चीर दिलेली असते, तीत लाकडाची पाचर जाते. पाचर दांड्याच्या रेषेला आडवी हवी. रेषेच्याच दिशेनं घातली तर ती मूठ घट्ट करायच्या ऐवजी दांडाच उकलते. हातोडीचा आवाज आधी पोकळ येतो, मग भरीव. भरीव आला की थांबायचं. मुलानं एक घाव जास्त घातला. कारागीर काही बोलले नाहीत. टोनफा उजेडाकडे धरला, केसाएवढी भेग पाहिली आणि भंगाराच्या खोक्यात टाकला.

1:00. जेवण. सोबा, वर डुकराच्या मांसाचे तुकडे. वीस मिनिटांत वाडगा रिकामा.

2:20. एका डोजोतली, म्हणजे तालमीतली, मुलगी नुनचाकू घेऊन आली. दोरी झिजलीय. कारागीर तिचा तळवा पाहतात आणि दोन दांड्यांमधली दोरी तळव्याच्या रुंदीएवढी ठेवतात. पाचशे येन. त्यापाठोपाठ जर्मनीहून आलेलं जोडपं. शेतकऱ्यांनी शेतीच्या अवजारांची शस्त्रं केली, ही गोष्ट त्यांनी ऐकलेली आहे. गोष्ट छान आहे, पण सरसकट खरी नाही. वल्ह्याचा 'एकू' झाला, हे पटतं; लोखंडी त्रिशूळासारखा 'साई' मात्र ओकिनावातल्या जुन्या र्‍युक्यू राज्यात शिपायांच्या हाती असे. कारागीर वाद घालत नाहीत. साई काउंटरवर ठेवतात आणि नवऱ्याच्या कोपरापर्यंत लांबी मोजतात.

4:30. जोडप्याला बोही हवाय. इथं खरी पंचाईत. जपानी टपालाच्या पार्सलची मर्यादा लांबी, रुंदी, उंची मिळून 170 सेंटीमीटर. काठी एकटीच 182. दुसरी कुरिअर कंपनी नेईल, पण ओसाकातल्या हॉटेलपर्यंतच. पुढं विमानाचं काय ते त्यांनी बघायचं. कारागीर मागच्या फळीवरून तीन तुकड्यांत उघडणारा बो काढतात, स्क्रूच्या सांध्याचा. जोडून दाखवतात. नवरा फिरवून पाहतो, नाक मुरडतो.

अखंडच हवा.

मुलगा पुठ्ठ्याची नळी आणायला आत जातो. कारागीर भाड्याचा तक्ता उलगडतात, 200 सेंटीमीटरच्या रकान्यावर बोट ठेवतात आणि पैसे आधी मागतात.